शुद्धीत मारणाऱ्याला कलम नव्हतं

बायकोला मारणं हा तेव्हा पोलिसांनी हात घालावा असा गुन्हा नव्हता. हे मी नातीला सांगितलं की ती हसते, म्हणते, "आबा, काहीही सांगता." काहीही नाही बाई. वीस वर्षं ठाण्यात रायटर होतो मी. रायटर म्हणजे लेखणी चालवणारा हवालदार. हाड मोडलं, दात पडला तर गोष्ट वेगळी. नाहीतर वळ, सूज, उपटलेले केस, सगळं एकाच रजिस्टरात जायचं. त्याचं नाव अदखलपात्र. चार ओळी लिहायच्या, बाईच्या हातात चिठ्ठी ठेवायची की कोर्टात दाद मागा, आणि तिला वाटेला लावायचं. कोर्ट आर्वीला आणि आमच्या गावाहून तिकडे जाणारी बस दिवसातून दोनदा. ज्या घरातून बाई पाण्याला गेली तरी विचारणा होते, तिथून ती कोर्टात कशी जाणार, हे चिठ्ठी देणाऱ्याला कळत नव्हतं असं नाही. मला चांगलं कळत होतं.

पण आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. इथे बायकोला बडवलं तर चालायचं, पण पिऊन बडवलं तर प्यायल्याबद्दल उचलता यायचं. यातूनच आमच्या ठाण्यात एक रीत पडली होती. बाई रडत आली की मी पहिला प्रश्न विचारायचो, "पेते का?" ती हो म्हणाली की काम सोपं. दोन शिपाई जायचे, गड्याला धरून आणायचे, डॉक्टर वास घ्यायचा, रक्ताची बाटली नागपूरला जायची, आणि गडी दोन दिवस कोठडीत बसून वरमून घरी जायचा. महिना-दीड महिना तरी त्याचा हात उठत नसे. कलम दारूचं, शिक्षा माराची. अशी लबाडी होती ती, आणि मला तिचा अभिमान होता. बायकाही शिकल्या होत्या. पाठ दाखवायच्या आधी सांगायच्या, "पिऊन आलता जमादार." मोहाची भट्टी नाल्यानाल्यावर असायची, त्यामुळे दहातल्या नऊ वेळा ते खरंच असायचं.

दहावी वेळ म्हणजे ती.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस होते, दुपारचं ठाणं रिकामं होतं आणि मी डबा सोडून बसलो होतो. पंचविशीची एक बाई दारात उभी राहिली. नीटनेटकी, डोक्यावर पदर, रडणं-बिडणं काही नाही. मी घास खाली ठेवला आणि सवयीनं विचारलं, "नवरा?"

"हाव जी."

"पेते का?"

"नाई जी."

"थोडी बी नाई?"

"सुपारी बी नाई खात."

मी वैतागलो. आता हिचं काय करायचं? गाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं उखाण्यात घेतात तसं आडून नाव सांगितलं आणि मी चाट पडलो. हा माणूस तर आमचाच! म्हणजे पोलिसात नव्हता, पण आमचा पंच होता. खादीचा सदरा, पांढरी टोपी, गावच्या दारूबंदी समितीचा पुढारी. भट्टीवर धाड घालायची म्हणजे पंच लागतात आणि गावात कोणी पंच व्हायला धजत नाही. हा एकटा हाक मारली की चपला घालून निघायचा. आमच्या निदान चाळीस पंचनाम्यांवर त्याची सही होती, वळणदार आणि ठसठशीत. कोर्टात साक्ष द्यायला उभा राहिला की न्यायाधीशसुद्धा मान डोलवायचे.

"तो मारते?" मी विचारलं.

"दार लावून मारते."

"काऊन?"

"भाकर जाड झाली तरी मारते. बोलली तरी मारते, नाई बोलली तरी मारते. आंघोळ करून, देवपूजा करून मंग मारते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जमादार, तो शुद्धीत मारते."

ते बोलणं मला आजही शब्दन् शब्द आठवतं. त्या दिवशी मात्र मला फक्त अडचण दिसली. शुद्धीत मारणाऱ्यासाठी माझ्याजवळ कागदच नव्हता. मी अदखलपात्रात नोंद केली आणि खाली लिहिलं, "उभयतांस समज देण्यात आली." उभयता म्हणजे दोघं. नवरा तिथे नव्हताच. मारणाऱ्याला समज आणि मार खाणारीलाही समज, हे आम्ही छापील मजकुरासारखं लिहायचो, आणि त्यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटत नव्हतं, ना मला, ना ठाणेदाराला, ना तपासणीला येणाऱ्या साहेबाला.

पंधरा दिवसांनी ती परत आली. या वेळी बाप सोबत होता. तळेगावकडचा साधा शेतकरी, तीन एकराचा धनी, हातात छत्री. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, माहेरचं माणूस पाठीशी आहे. तर त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, हिले समजावा. घरून निघून माह्याकडे येते. जावई देवमाणूस हाये. सारा गाव त्याले मानते. लोकं मले इचारते का पोरगी घरी काऊन. माह्या आणखी दोन पोरी हायेत लग्नाच्या."

मी समजावलं. काय सांगू तुम्हाला, तासभर समजावलं! नवऱ्याचा राग असतो, आपण गोडीनं घ्यावं, एक मूल झालं की सगळं सुरळीत होतं. हे सगळं मी बोललो, याच तोंडानं. बाप मान हलवत होता, ठाणेदार पान लावत होता, दाराशी उभा शिपाई हसत होता. आम्ही चार पुरुष एका मताचे होतो. कायद्याचं पुस्तक माझ्या मागे फडताळात होतं, आणि त्याचंही मत तेच होतं. पुस्तक लिहिणारे तरी कोण, आमच्यासारखेच कोणी असणार. ती भिंतीकडे बघत बसली होती. जाताना बापानं माझ्या हातात घरची तूर दिली, पिशवीभर. ती मी घेतली.

तिसऱ्यांदा आली तेव्हा तिला एका कानानं ऐकू येत नव्हतं. मी उजवीकडून बोललो की ती मान वळवायची. दवाखान्यात जा, डॉक्टरनं लिहून दिलं तर मोठं कलम लावता येतं, असं म्हटलं तर म्हणाली, तो पाठवत नाही. मला कळवळा आला, हे अगदी खरं आहे. आणि कळवळ्याच्या भरात मी ती चूक केली, जी आमच्या जिल्ह्यातला रायटरच करू जाणे.

मी म्हटलं, "हे पाय, तू म्हण का तो पेते."

"तो नाई पेत."

"अवो, मले माईत हाये. पण पेते म्हटल्याबिगर मले त्याले हात लावता येत नाई. दोन दिवस आत बसला का नरम येईन. आजपावतर किती जणीचं भलं झालं याच्यानं."

"खोटं सांगू?"

"खोटं कशाचं? मारते हे खरं हाये ना? मंग कागदावर काय का लिवलं असेना."

ती चौथी शिकलेली होती. मी लिहिलेला कागद तिनं स्वतः वाचला, ओळीवर बोट ठेवून. नवरा हातभट्टीची दारू पिऊन धिंगाणा घालतो, असं मी लिहिलं होतं. मारल्याचं एक अक्षर त्यात नव्हतं, कारण त्यानं गुन्हा नुसता पातळ झाला असता. तिनं सही केली.

आता माझ्या अकलेचं दिवाळं बघा. जो माणूस दारूबंदी समितीचा पुढारी, त्याला मी दारूच्या कलमाखाली उचलायला निघालो होतो! मला वाटलं होतं, बाटलीचा रिपोर्ट यायला महिना लागतो, तोवर त्याला धाक बसेल. पण त्याला रविवारी सकाळी आणला आणि अर्ध्या तासात समितीची माणसं ठाण्यात हजर. डॉक्टरनं तोंडाजवळ नाक नेलं आणि चिडून माझ्याकडेच पाहिलं. वास नाही, डोळे लाल नाहीत, चाल सरळ. ठाणेदारानं त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, वर माफी मागितली. तो अगदी शांत होता. "तिची काही चूक नाई साहेब," म्हणाला, "डोक्यानं जरा कमी हाये." इतका सज्जनपणा बघून समितीच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिला बोलावणं गेलं. एवढ्या चांगल्या माणसावर दारूचा आळ घेतला, म्हणून सगळ्यांसमोर माफीनामा लिहून दे, असं ठरलं. लिहिणारा मीच. "मी रागाच्या भरात माझ्या पतीविरुद्ध खोटी तक्रार दिली. ते दारू पीत नाहीत." खोटी तक्रार कोणी रचली हे ती एका शब्दानं सांगू शकली असती. माझी नोकरी गेली असती. मी खाली मान घालून लिहीत होतो. तिनं काही सांगितलं नाही. कागद हातात घेऊन वाचला आणि मला हळूच विचारलं, "जमादार, याच्यात मारल्याचं कुठी लिवलं?"

मी म्हटलं, "त्याचा इथं संबंध नाई."

"ते त खरं होतं," ती म्हणाली, आणि सही करून नवऱ्याच्या मागोमाग निघून गेली.

त्यानंतर ती ठाण्यात आली नाही. कशी येईल? आता तिचं खोटेपण सरकारी कागदावर होतं, माझ्या अक्षरात. होळीच्या आधी खबर आली की विहिरीत बाई पडली. आम्ही गेलो. पंचनाम्यात मी लिहिलं, "पाणी काढताना पाय घसरून." घडा घरातच होता, भरलेला. दोर खुंटीला होता. मी ते पाहिलं, ठाणेदारानंही पाहिलं. डॉक्टरनं अंगावरचे जुने वळ लिहिले होते, पण जुने वळ कोणत्या कलमात बसवणार? पंच म्हणून समितीतलेच दोघं होते. बाप आला तो मिटलेली छत्री हातात धरूनच, उन्हात उभा राहिला. त्याचा जबाब मी घेतला. "माझा कोणावर संशय नाही." मी लिहिलं तसं तो म्हणाला, की तो म्हणाला तसं मी लिहिलं, हे आता नक्की सांगता येत नाही. अकस्मात मृत्यू म्हणून फाईल बंद झाली.

दोन महिन्यांनी नाल्यावर धाड होती. पंच हवा होता. तो आला, खादीचा सदरा घालून, आणि मी त्याच्या हातात पेन दिलं. एवढं करताना माझा हात थरथरला वगैरे म्हणालो तर ते खोटं होईल. घरी येऊन जेवलो नाही, एवढंच. बायकोनं विचारलं तर तिच्यावर खेकसलो.

पुढे माझी बदली वर्ध्याला झाली. शहरात वारं वेगळं होतं. पेपरात रोज कुठे ना कुठे सून जळाल्याची बातमी असायची. आधी ती आतल्या पानावर चार ओळींत यायची, मग पहिल्या पानावर येऊ लागली. बायांचे मोर्चे कलेक्टर कचेरीवर यायचे आणि बंदोबस्ताला आम्ही. पहिल्या मोर्च्याला आम्ही शिपाई मंडळी खूप हसलो होतो. यांना घरी कामं नाहीत का, चूल कोण पेटवते, असलं बोललो. दुसऱ्या-तिसऱ्या मोर्च्यात ओळखीचे चेहरे दिसायला लागले. एका शिपायाची बहीण, शाळेतल्या मास्तरीणबाई, सेलू-हिंगणघाटकडून बसनं आलेल्या मजूर बाया. एक म्हातारी तर रस्त्यावर बसून पदर बाजूला सारून खांद्यावरचा डाग दाखवत होती, जाईल-येईल त्याला. आमच्यातलं कोणी हसलं नाही.

कायदा दिल्लीत होतो असं मी समजत होतो. वरून लिफाफा येतो, आपण टाचणी लावून फाईलला जोडतो. पण त्या चार-पाच वर्षांत मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं की आधी लोकांना लाज वाटायला लागते. जे काल चारचौघांत हसून सांगत होते, ते आज कुजबुजून सांगतात. मग कुजबुजायलाही नको वाटतं. मग एक दिवस लिफाफा येतो. आणि लाज वाटायला किती वेळ लागावा, त्याला काही मोजमाप नाही. तोवर ज्या गेल्या त्या गेल्याच ना! याचा मला इतका संताप येतो, आणि तो कोणावर काढावा हे कळत नाही, कारण उशीर करणाऱ्यांच्या रांगेत मी बराच पुढे होतो.

त्र्याऐंशी संपता संपता नवं कलम आलं. नवऱ्यानं किंवा नवऱ्याच्या नातेवाईकानं बाईला छळलं तर पोलिसांनी दखल घ्यायची, अंगावरचाच नाही, मनाचा छळसुद्धा धरायचा. दारूचा उल्लेख कुठेच नाही. परिपत्रक मी घरी नेलं आणि बायकोला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "हे तुमाले बी लागू हाये का?"

दोनदा मी तिच्यावर हात उचलला होता. एकदा लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, एकदा त्या धाडीच्या दिवशी, जेवायला बोलावलं म्हणून. खेकसलो असं वर लिहिलंय ना, ते अर्धंच आहे. मी म्हटलं, "हो, लागू आहे." ती म्हणाली, "बरं झालं." आणि पुन्हा तांदळात खडे शोधायला लागली. त्यानंतर कितीतरी दिवस मी माझ्याच घरात पाहुण्यासारखा वावरत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात तो आला. तिचा बाप. मला शोधत शोधत वर्ध्याच्या ठाण्यात आला होता. फार खचला होता, छत्रीचा काठीसारखा आधार घेत चालत होता. खिशातून पेपरचं कात्रण काढलं, घड्या पडून चिंध्या झालेलं. तुकडा माझ्या टेबलावर पसरवला आणि म्हणाला, "लहान्या पोरीनं वाचून दाखवलं. आता पोलीस लिवून घेते म्हणते."

मी खुर्ची दिली, पाणी दिलं. सांगितलं की बाबा, हा कायदा आता झाला. आधी घडलं त्याला लागत नाही. तेव्हा तो गुन्हा नव्हता.

"तवा बी ते मारणंच होतं ना?"

"होतं."

"मंग?"

सरकारी भाषेत उत्तर होतं, आणि ते मी दिलंही, पूर्वलक्षी वगैरे. तो शांतपणे ऐकत होता. मला वाटलं, आता उठेल. पण तो उठला नाही.

"बरं, जावयाचं राहू द्या," म्हणाला. "तो मरून गेला मागच्या साली. लय मोठी मयत झाली, शाळेले सुट्टी होती. मी त्याच्यासाठी नाई आलो."

"मग?"

"माह्यं नाव लिवा."

मला समजलं नाही. त्यानं कात्रणावर बोट ठेवलं. "तीनदा आलती ती माह्याकडे. तीनई बार मी तिले हात धरून नेऊन घातली. शेवटच्या बारीले ती पाया पडली माह्या, बाबा, गोठ्यात राहीन म्हणे, भाकर नोको देजो. मी म्हटलं, लोक काय म्हणन. हा बी छळच झाला ना साहेब? त माह्यं नाव लिवा. मी कबूल करतो. सही करतो."

ठाण्यातली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. मी कलम पुन्हा वाचलं. त्याच्यासमोर, मोठ्यानं, शब्दागणिक थांबत वाचलं. नवरा, किंवा नवऱ्याचा नातेवाईक. पुन्हा वाचलं.

"बाबा, याच्यात बाप नाही," मी म्हटलं.

"नाई?"

"नाही."

"आन् लिवून घेणारा?"

"तोही नाही."

त्यानं कात्रणाची घडी घातली. ती नीट बसेना. मग कात्रण तसंच टेबलावर सोडून तो उठला आणि म्हणाला, "मंग आपुन दोघंई सुटलो म्हणा जमादार."